शुभहस्ते आणि स्मृतिशिला : पालघर परिसरातील हुतात्मा स्मारकांच्या भाषेची चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही सरकारी कचेरीच्या आवारात साधारणपणे दोन प्रकारचे कोरीव दगड आढळतात. पहिला दर्शनी भिंतीत बसविलेला असतो. त्यावर इमारतीची पायाभरणी वा उद्घाटन केव्हा झाले, कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख उपस्थिती कोणाची होती, याची तपशीलवार नोंद असते. दुसरा ध्वजस्तंभाच्या आसपास, थोडा बाजूला असतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी त्याला चुना लागतो, त्या दिवशी हार पडतो आणि एरवी त्याच्या कट्ट्यावर दाखल्यासाठी आलेली माणसे टेकतात. पहिल्याला आपण कोनशिला म्हणतो, दुसऱ्याला स्मृतिशिला किंवा हुतात्मा स्तंभ.

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र आणि लोकगीत या सर्वांचे वाचन केले. शिलालेखांकडेही मराठी अभ्यासकांचे लक्ष गेले, मात्र लेख पुरेसा जुना असेल तर. शिलाहारकालीन लेखातील एका अक्षरावर दोन विद्वानांनी वीस वर्षे वाद घालावा आणि पन्नास वर्षांपूर्वी तहसील कचेरीच्या आवारात उभारलेल्या दगडावरील वाक्य कोणी वाचूही नये, अशी एकूण स्थिती आहे. वस्तुतः शासनाने लिहिलेला, शासनाच्या जागेत उभा असलेला आणि हजारो लोकांच्या नजरेखालून जाणारा हा मराठी गद्याचा एक प्रकारच आहे. त्याला स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःचे अलंकार आहेत आणि स्वतःचे मौनही आहे. प्रस्तुत लेखात पालघरच्या १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबाराचे स्मरण मध्यवर्ती धरून या गद्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हुतात्म्यांविषयीचा आदर येथे गृहीत आहे. तपासायची आहे ती त्यांच्याविषयी लिहिणारी भाषा.

कचेरीकडे जाणारी वाट

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'छोडो भारत'चा ठराव संमत केला. ९ ऑगस्टच्या पहाटेपासून नेत्यांची धरपकड झाली. पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी बाहेर उरले नाही, आणि गावोगावच्या लोकांनी ते आपापल्या परीने ठरविले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यात १४ ऑगस्टला किनाऱ्यावरील आणि उत्तरेकडील गावांतून लोक पालघरच्या कचेरीकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरबे येथील रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी हे पाच जण प्राणास मुकले. शहराच्या मध्यवर्ती चौकात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. लोक त्या जागेला हुतात्मा चौक म्हणतात, तसेच पाचबत्ती असेही म्हणतात. दरवर्षी १४ ऑगस्टला व्यापारी आपण होऊन दुकाने बंद ठेवतात आणि आसपासच्या गावांतून लोक अभिवादनासाठी येतात. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी समारंभापेक्षा पालघरकरांना हा आदला दिवस अधिक जवळचा वाटतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोर्चा कचेरीवरच का गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे मानले जाते. परंतु आज ते तितकेसे ठाऊक नाही. वसाहतकाळातील तालुका कचेरी म्हणजे केवळ कागदपत्रांची जागा नव्हती. मामलेदार शेतसारा वसूल करी आणि दंडाधिकारी म्हणून न्यायही करी. खजिना तेथेच, कैद्यांची कोठडी तेथेच किंवा शेजारी. सातपाटीच्या मच्छीमाराला किंवा सालवडच्या शेतकऱ्याला व्हाइसरॉय कधी दिसला नाही, गव्हर्नर दिसला नाही, कलेक्टर क्वचित दिसला. त्याच्या दृष्टीने ब्रिटिश साम्राज्य म्हणजे ती कौलारू इमारत, तिच्या पायऱ्या आणि आतला शिरस्तेदार. त्या इमारतीवर तिरंगा लावणे ही सांकेतिक कृती होतीच, पण ती अत्यंत नेमकी कृतीही होती. सातारा जिल्ह्यात पुढच्या महिन्यात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले ते याच समजुतीने. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी गोळ्यांना बळी पडले तेही कचेरीसमोरच. त्याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता व इतर चौघे पडले, ते मात्र बाजारपेठेत.

म्हणून या घटनांच्या स्मरणात जागा हा गौण तपशील नाही. ज्या कार्यालयाच्या अधिकाराने माणसे मारली गेली त्याच कार्यालयाचे वारसदार आज त्यांना हार घालतात. यात दांभिकता आहे असे मला म्हणायचे नाही. उलट ही स्वतंत्र राष्ट्राच्या आयुष्यातील मोठी आणि विचार करायला लावणारी घटना आहे. प्रश्न एवढाच की आपल्या स्मृतिशिलांची भाषा ती घटना वाचकापर्यंत पोहोचू देते काय.

कर्ता कोठे आहे?

कोनशिलेचे मराठी पाहावे. 'अमुक इमारतीचे उद्घाटन मा. अमुक यांच्या शुभहस्ते संपन्न झाले.' वाक्य कर्मणी वळणाचे आहे, परंतु करणारा हात त्यात हरवत नाही. खरे तर सगळे वाक्य त्या हातासाठीच रचलेले असते. इमारतीचे नाव लहान अक्षरांत गेले तरी चालेल, हात मोठ्या अक्षरांत हवा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघर येथे झाली. ही बातमी मराठीत ज्याने वाचली असेल त्याला ती पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली हे सांगावे लागणार नाही; ते पहिल्याच ओळीत होते. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रापासून गावातल्या समाजमंदिरापर्यंत शासकीय गद्याचा हा नियम अबाधित आहे. काही घडले की कोणाच्या हातून घडले हे सांगायचे.

आता स्मृतिशिलेचे आणि तिच्याभोवती होणाऱ्या भाषणांचे मराठी पाहावे. तेथे माणसे 'हुतात्मे होतात', 'धारातीर्थी पडतात', त्यांना 'वीरमरण येते', ती 'प्राणांची आहुती देतात', 'देशासाठी बलिदान करतात'. ही सगळी क्रियापदे अशी आहेत की ज्यांना मारणारा लागत नाही. पडणे अकर्मक आहे. होणे अकर्मक आहे. मरण आपोआप येते. आहुती देणे सकर्मक आहे खरे, पण तेथे देणारा मरणाराच असतो. पाच माणसांना गोळ्या लागल्या, आणि त्या झाडणारा मात्र या भाषेत कोठेच नाही. बंदूकसुद्धा नाही. फार तर 'गोळीबारात' अशी एक सप्तमी विभक्ती येते, जणू गोळीबार हा पावसासारखा एक ऋतुविशेष असावा आणि माणसे त्यात सापडली असावीत.

'हुतात्मा' हा शब्दच या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. सावरकरांनी मराठीत रूढ केलेल्या शब्दांत त्याची गणना होते. हुत म्हणजे यज्ञात अर्पण केलेले. ज्याने आत्मा अर्पण केला तो हुतात्मा. शब्द सुंदर आहे, घडीव आहे आणि त्याने 'शहीद' या शब्दाला मराठीत जवळजवळ मागे सारले. 'शहीद' या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्षीदार हा अर्थ आहे. साक्षीदार म्हटले की कोणत्या तरी घटनेची साक्ष आली, आरोपी आला, न्यायाची अपेक्षा आली. 'हुतात्मा' म्हटले की अग्नी येतो, वेदी येते, पावित्र्य येते, आणि खटला निघून जातो. कोणता शब्द श्रेष्ठ हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा आला तेव्हा सांगितली जाणारी गोष्टही बदलली, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल आणि तो वजनदार आहे. 'पोलिसांनी पाच जणांना ठार मारले' असे लिहिले तर ते पाच जण केवळ बळी ठरतात; त्यांची इच्छा, त्यांचे धैर्य, बंदुका समोर दिसत असताना पुढे टाकलेले पाऊल, हे सारे त्या वाक्यातून गळून पडते. 'हुतात्मे झाले' म्हटल्याने निदान ती कृती त्यांची ठरते. आक्षेप मान्य आहे. परंतु मराठीत एका वाक्यानंतर दुसरे वाक्य लिहिता येते. ते का आले हे पहिल्यात, त्यांना कोणी मारले हे दुसऱ्यात. आपल्या स्मृतिशिला दोन्ही वाक्ये टाळून तिसरेच लिहितात, आणि ते तिसरे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यात जसेच्या तसे चालते.

दगडांच्या तीन पिढ्या

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने उभारलेल्या स्मारकांच्या ढोबळमानाने तीन पिढ्या सांगता येतील. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२-७३ च्या सुमारास, देशभर विकासगटांच्या ठिकाणी दगडी स्तंभ उभे राहिले. एका बाजूस राज्यघटनेची उद्देशिका आणि दुसऱ्या बाजूस त्या भागातील स्वातंत्र्यसैनिकांची नावे, असा त्यांचा नमुना. अनेक तहसील कचेऱ्यांच्या आणि पंचायत समित्यांच्या आवारात ते आजही आहेत. माझ्या मते या तीन पिढ्यांत हीच सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना होय. नावे आणि उद्देशिका पाठीला पाठ लावून उभी केल्यामुळे, ही माणसे कशासाठी झटली आणि त्यातून काय निर्माण झाले, हे फिरून वाचणाऱ्याला कळू शकते. दुर्दैव असे की बहुतेक ठिकाणी एक बाजू भिंतीकडे वा झुडपांकडे गेलेली असते, आणि फिरून वाचायला जागाच उरलेली नसते.

दुसरी पिढी १९८० च्या दशकाच्या आरंभीची. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या योजनेतून राज्यात दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके उभारण्यात आली. कचेरीच्या आवारातून स्मरण हुतात्म्याच्या गावात नेणे हा या योजनेचा मोठा गुण. एकाच ठशाच्या इमारती आणि त्यानंतर देखभालीसाठी कोणाकडे बोट दाखवायचे हे न ठरणे, हे तिचे दोष. वर्तमानपत्रांत या स्मारकांच्या दुरवस्थेविषयी ऑगस्ट महिन्यात नेमाने बातम्या येतात. त्या बातम्यांचाही आता एक ठरावीक साचा झाला आहे.

तिसरी पिढी ताजी आहे. ९ ऑगस्ट २०२३ पासून 'मेरी माटी मेरा देश' या मोहिमेत ग्रामपंचायतींच्या हद्दीत, शाळा, पंचायत कार्यालये, तळ्यांचे काठ अशा ठिकाणी शिलाफलक बसविण्यात आले. त्यांचा आराखडा केंद्राकडून आलेला. पंतप्रधानांचा संदेश, मोहिमेचे बोधचिन्ह आणि खाली त्या गावच्या वीरांची नावे. वीर या शब्दाखाली स्वातंत्र्यसैनिक, सैन्यदलांतील जवान, निमलष्करी दलांतील जवान आणि कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेले पोलीस अशा सर्वांचा समावेश करण्याची तरतूद होती. या प्रत्येकाचे स्मरण झालेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. पण समीक्षकाच्या नजरेला एक गोष्ट खटकते. पोलिसांच्या गोळीने पडलेला माणूस आणि पोलीस म्हणून लढताना पडलेला माणूस, या दोघांची कहाणी एकाच विशेषणाने सांगितली की दोन्ही कहाण्या पुसल्या जातात. वीर कसा, कोणाशी, कोठे, हे विचारण्याची सोय राहत नाही. ज्या फलकावर बोधचिन्ह आणि संदेश यांना जागा पुरते त्यावर एका वाक्याच्या हकिकतीला ती पुरत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे.

वीरगळ आणि गद्धेगाळ

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण दगडावर मरण कसे लिहावे हे कोकणाला कोणी शिकवायची गरज नव्हती. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता मुंबईच्या उपनगरांत मोडणाऱ्या बोरिवलीजवळील एकसर येथे वीरगळांची प्रसिद्ध रांग आहे. त्यांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. तेराव्या शतकातील यादव-शिलाहार संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो. वीरगळ खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत प्रत्यक्ष लढाई, कोण कोणावर वार करतो ते. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. स्वर्ग आहे, पण तो तळच्या रक्तावर उभा आहे. मारणारा हात कोरलेला आहे, शत्रूच्या होड्याही कोरलेल्या आहेत. नाव मात्र बहुतेक वीरगळांवर नसते.

आपल्या आधुनिक स्तंभांनी नेमके उलटे केले. नाव ठेवले आणि तळाची चौकट काढून टाकली. थेट अप्सरांपासून सुरुवात केली, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

गद्धेगाळींचे तर बोलायलाच नको. शिलाहार काळातील या दानलेखांच्या शेवटी, दान मोडणाऱ्याच्या नावाने अशी काही शिवी कोरलेली असते की आजचा कोणताही संपादक ती छापणार नाही. शिवीचे समर्थन करण्याचा हेतू नाही. परंतु अन्याय करणारा कोणी तरी असतो आणि दगडाने त्याच्याशी बोलले पाहिजे, ही जाणीव त्या जुन्या, ओबडधोबड गद्यात होती.

तलवाड्याचे पाच

पालघरच्या घटनेनंतर तीन वर्षांनी, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, त्याच ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी परिसरात तलवाडा येथे पोलिसांनी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले. वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध किसान सभेने उभारलेल्या वारली लढ्यातील ही घटना. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या, पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ग्रंथात त्या लढ्याची हकिकत लिहिली आहे.

दोन्हीकडे आकडा पाचच. मारणारे पोलीस त्याच सरकारचे. तरीही दोन्ही स्मरणांचा प्रवास वेगळा झाला. पालघरचा दिवस गावाचा, सर्व पक्षांचा आणि शासनाचाही झाला. तलवाड्याचा दिवस लाल बावट्याने सांभाळला आणि आजही तोच सांभाळतो. कारण उघड आहे. पालघरच्या मोर्चाचा प्रतिपक्ष १९४७ मध्ये निघून गेला. तलवाड्याच्या लोकांचा प्रतिपक्ष केवळ परकीय सरकार नव्हता. जमीनदार येथेच होता, सावकार येथेच होता, आणि स्वातंत्र्य तोंडावर आले असताना, १९४६-४७ मध्ये, मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ असतानाही त्या चळवळीवर बंदी-हद्दपारीचे उपाय योजले गेले. किसान सभेच्या भाषेतही 'हुतात्मा' हाच शब्द आहे. परंतु तेथे तो शब्द एकटा उभा राहत नाही. कोणाची जमीन, कोणाची वेठ आणि कोणाचा हुकूम हे सांगितल्यावाचून तलवाड्याची गोष्ट पूर्णच होत नाही.

यावरून पालघरच्या स्मरणाविषयी एक अनुमान करता येते. कर्ता नाहीसा झाला तो केवळ भाषेच्या सौजन्यामुळे नव्हे. तो निघून गेला होता, म्हणून त्याचे नाव घेण्याची निकड उरली नाही. मात्र त्याच्याबरोबर त्याची कचेरी गेली नाही, आणि कायदाही गेला नाही. बेकायदा जमाव पांगविण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, तो १९७३ च्या संहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तो तहसीलदाराकडे आजही आहे. कोणत्याही राज्याला असा अधिकार लागतो, हे मान्य करूनही असे वाटते की ज्या आवारात तो अधिकार बसतो त्या आवारातील दगडाने, तो कसा वापरला गेला होता, हे एकदा तरी सरळ सांगावे. पालघरमध्ये कचेरीवर मोर्चा ही अजून जिवंत गोष्ट आहे. वनपट्ट्यांसाठी, पाण्यासाठी, बंदरांच्या विरोधात आदिवासी आणि मच्छीमार मैलोन्‌मैल चालत येतात. प्रवेशद्वारापाशी त्यांना थांबविले जाते, शिष्टमंडळ आत जाते आणि निवेदन दिले जाते. १९४२ चा मोर्चा आणि हे मोर्चे यांची तुलना करू नये. पण चालत येणाऱ्या माणसाला ती वाट ओळखीची वाटू शकते.

मँचेस्टरमधील एक दुरुस्ती

स्मृतिलेख एकदा कोरला की तो बदलता येत नाही, असा आपल्याकडे समज आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १६ ऑगस्ट १८१९ रोजी तेथील सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर मताधिकाराच्या सुधारणेसाठी सुमारे साठ हजार लोक जमले होते. घोडदळाने तलवारी उपसून त्यांच्यावर हल्ला केला. वॉटर्लूच्या लढाईवरून लोकांनी या घटनेला उपहासाने 'पीटर्लू' म्हटले. त्या जागी उभ्या राहिलेल्या फ्री ट्रेड हॉल या इमारतीवर १९७० च्या दशकात एक निळा फलक लागला. हेन्री हंट या वक्त्याने तेथे सभेपुढे भाषण केले आणि पुढे लष्कराने सभा पांगविली, असा त्याचा आशय होता. 'पांगविली'. मेलेल्यांचा उल्लेखच नव्हता.

काही नागरिकांनी या एका क्रियापदाविरुद्ध चिकाटीने मोहीम चालविली. अखेर २००७ मध्ये तो फलक उतरवून लाल रंगाचा नवा फलक लावण्यात आला. शांततापूर्ण सभेवर सशस्त्र घोडदळाने हल्ला केला, पंधरा जण मृत्युमुखी पडले आणि सहाशेहून अधिक जखमी झाले, हे त्यावर स्पष्ट लिहिले आहे. फलकाचा आकार काही मोठा झाला नाही. म्हणजे जागा अपुरी असते, ही सबब खरी नाही. अमृतसरच्या जालियनवाला बागेत तर भिंतींवरील गोळ्यांच्या खुणाच जपून ठेवल्या आहेत. तेथे कर्ता सांगायला वाक्याचीही गरज पडत नाही.

पालघरची घटना या दोन्हींपेक्षा लहान आहे. परंतु लहान घटनेला नेमकी भाषा अधिक लागते. जालियनवाला बागेची हकिकत पाठ्यपुस्तकात आहे, चित्रपटात आहे, जगाच्या इतिहासात आहे. पालघरच्या पाच जणांची हकिकत दगडाने सांगितली नाही तर चौदा ऑगस्टच्या भाषणांवाचून ती अन्यत्र फारशी ऐकू येत नाही, आणि ज्यांनी ती वडिलांच्या वा आजोबांच्या तोंडून ऐकली ती पिढी आता थकली आहे.

कचेरी हलली

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये कोळगाव येथे सिडकोने बांधलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन झाले, आणि जिल्ह्याच्या सत्तेचे केंद्र जुन्या वस्तीपासून दूर, रुंद रस्त्यांच्या संकुलात गेले. इमारती प्रशस्त आहेत, नागरिकांची सोय झाली, याबद्दल तक्रार नाही. पण स्मारक आणि कचेरी यांच्यातील अंतर आता किलोमीटरांत मोजावे लागते. चौकातला स्तंभ पाहून, ही माणसे कोठे निघाली होती, हे नव्या पिढीला आता केवळ नजरेने कळणार नाही. पूर्वी जे जागा सांगत होती ते यापुढे शब्दांना सांगावे लागेल.

गावेही बदलली. सुकुर मोरे यांचे सालवड आज तारापूर औद्योगिक वसाहतीत वेढले गेले आहे. बोईसर स्थानकावर उतरणाऱ्या, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या हजारो कामगारांना सालवड हे कारखान्याच्या पत्त्यातील एक नाव म्हणून माहीत असते. एका अर्थी त्यात अनुचित काही नाही. पालघरच्या पाच जणांत एक तिवारी होताच, आणि त्या आडनावाकडे पाहून त्याला परका म्हणावे असे १९४२ मध्ये कोणाला वाटले नाही. पण सालवडचा माणूस पालघरला का गेला होता, हे त्या कामगाराला वाचता येईल असा मजकूर कोठे तरी हवा. तो मराठीत असावा आणि शेजारी हिंदीत असावा. पागधरे या आडनावातला 'पाग' म्हणजे हाताने फेकायचे जाळे, हे किनाऱ्यावरच्या वाचकाला सांगावे लागणार नाही. इतरांसाठी गावाचे नाव आडनावाशेजारी कोरले तरी पुष्कळ कळेल. नावे गावांसह लिहिणे ही लहान गोष्ट वाटते, पण त्यामुळे यादीचा नकाशा होतो. सातपाटी पश्चिमेला, खाडीपलीकडे मुरबे, त्याच्या उत्तरेला नांदगाव, बोईसरकडे सालवड. एवढ्या वाटांनी लोक आले होते.

तेव्हा नव्या मुख्यालयाच्या आवारात कधी काळी दगड बसवायचा झालाच तर त्याचा मसुदा काय असावा? चर्चेसाठी एक मांडतो :

'१४ ऑगस्ट १९४२ रोजी या तालुक्यातील गावोगावचे लोक, ब्रिटिश सरकारने देश सोडावा ही मागणी घेऊन, पालघरच्या कचेरीकडे चालत आले. सरकारच्या पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडून पाच जणांना ठार मारले.' त्याखाली पाच नावे, प्रत्येकासमोर गाव. त्याखाली काहीही नाही. दगड कोणाच्या हस्ते बसविला हेही नाही.

मसुद्यातील 'ठार मारले' हे शब्द काही जणांना कठोर वाटतील. शाळेच्या सहलीतील मुले ते वाचतील, अशीही हरकत येईल. मुले वीरगळीवरचे भाले पाहतातच. मला स्वतःला अधिक विचार करावा लागला तो दुसऱ्या क्रियापदाचा. प्रथम मी 'कचेरीवर चालून आले' असे लिहिले होते. मराठीत ते सहज येते, ठसकेबाज आहे आणि सभेत टाळ्याही घेईल. पण चालून जातो तो हल्ला करणारा. हे क्रियापद कचेरीच्या खिडकीतून पाहणाऱ्याचे आहे आणि गोळीबाराचे समर्थन त्यात अर्धे होऊन जाते. मुरब्याहून आणि सालवडहून निघालेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर तो चालत आला होता. म्हणून 'चालत'.